उपस्थाता घडवावा लागतो

चिकित्सेचे चार पाद आपणा सर्वांना विद्यार्थिदशेपासून मुखोद्गत आहेत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील खुड्डाकचतुष्पाद अध्यायात वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी यांचे प्रत्येकी चार गुण वर्णिले आहेत. उपस्थात्याच्या ठायी उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग व शौच अपेक्षित आहेत. याच अध्यायात वैद्याला चौघांत प्रधान मानले आहे. प्राधान्याचा हा मान आपण आनंदाने स्वीकारतो. परंतु त्यासोबत येणारी जबाबदारी कितपत स्वीकारतो? द्रव्याची परीक्षा आपण काटेकोरपणे करतो, उपस्थाता मात्र तयार मिळावा अशी अपेक्षा बाळगतो.

प्रत्यक्षात पंचकर्म विभागातील परिचारक असो, फार्मसीतील कढईजवळचा कामगार असो वा औषधविक्रीच्या काउंटरवरील मदतनीस, बहुतेक जण हे काम प्रथमच पाहत असतात. त्यांचा हात बसावयास काळ लागतो. हात बसलेला माणूस सोडून गेला, की त्याच्यासोबत त्याचे ज्ञानही जाते आणि त्याची झळ अखेर रुग्णाला लागते.

वेतन आणि प्रेरणा

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी अभियंते व हिशेबनीस यांच्या मुलाखतींवर आधारित निष्कर्ष १९५९ साली प्रसिद्ध केले. त्यांच्या मते असंतोषाची कारणे आणि समाधानाची कारणे भिन्न असतात. अपुरे वेतन, कामाच्या ठिकाणची गैरसोय, वरिष्ठांचा जाच यांमुळे असंतोष उपजतो. काम स्वतः तडीस नेल्याचा आनंद, त्याची दखल आणि वाढती जबाबदारी यांतून समाधान लाभते. त्यांच्या संशोधनपद्धतीवर पुढे आक्षेपही घेतले गेले. तथापि हा भेद व्यवहारात उपयोगी पडतो. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर निदानपरिवर्जनाने व्याधीची वाढ थांबते, बल येण्यासाठी बृंहणच करावे लागते. वेळेवर पगार, साप्ताहिक सुटी, भट्टीजवळ धूर बाहेर जाण्याची सोय हे निदानपरिवर्जन होय. ते आधी करावे. ते टाळून केलेले कौतुक कामगाराला पोकळ वाटते.

शिकविण्याच्या चार पायऱ्या

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत नवख्या कामगारांना त्वरेने शिकविण्यासाठी १९४० ते १९४५ या काळात एक सरकारी उपक्रम राबविला गेला. त्यातील चार पायऱ्या तैलपाकाच्या उदाहरणाने पाहू.

१) तयारी : कामगाराला काय ठाऊक आहे ते विचारावे. नस्यासाठी मृदू पाक व अभ्यंगासाठी खर पाक का सांगितला आहे, हे समजावावे. हेतू कळला की लक्ष लागते.

२) दाखविणे : कल्काची वात वळते, ती अग्नीवर धरली असता तडतडत नाही, तेलात फेस येतो, तुपात फेस शमतो. एकेक लक्षण कारणासह दाखवावे. वात तडतडली तर जलांश शिल्लक आहे, हे त्याला कळले पाहिजे.

३) करवून घेणे : आता तो करील आणि काय पाहतो आहे ते बोलून सांगेल. चूक तेथल्या तेथे, शांतपणे सुधारावी.

४) पाठपुरावा : त्याला स्वतंत्रपणे काम द्यावे, शंका कोणास विचारावी ते सांगावे आणि देखरेख क्रमाक्रमाने कमी करावी.

उत्तराऐवजी प्रश्न

कोचिंग म्हणताच आपल्याला शिकवणी वर्ग आठवतो. व्यवस्थापनशास्त्रात मात्र या शब्दाचा अर्थ, प्रश्न विचारून माणसाची स्वतःची विचारशक्ती जागी करणे असा आहे. जॉन व्हिटमोर यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथामुळे रूढ झालेल्या पद्धतीत ध्येय, वस्तुस्थिती, पर्याय आणि निर्धार या क्रमाने प्रश्न विचारले जातात.

'वैद्यराज, तेल उतरवू का?' असे कामगाराने विचारताच आपण 'हो' किंवा 'नाही' म्हणून मोकळे होतो. त्याची नजर त्यामुळे कधीच तयार होत नाही. 'वात पाहून तुम्हांला काय वाटते? आणखी काय पाहायचे राहिले?' असे विचारल्यास दोन मिनिटे अधिक जातात. परंतु काही महिन्यांनी तोच कामगार अचूक निर्णय घेऊ लागतो.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. अगदी नवख्याला प्रश्न विचारणे म्हणजे त्याला गोंधळात टाकणे होय. त्याला आधी शिकवावे. तसेच औषधाची मात्रा, स्वेदनाची उष्णता, रुग्णास भोवळ आल्यास करावयाची कृती या बाबतींत स्पष्ट सूचनाच हवी.

भीतीचे अपथ्य

शेड्यूल 'टी'नुसार फार्मसीत प्रत्येक बॅचच्या नोंदी ठेवणे बंधनकारक आहे. पण पाक करपला की अपमान होणार, हे ज्याला ठाऊक आहे तो नोंदीत 'ठीक' असेच लिहील आणि ते तेल बाटलीत जाईल. म्हणून 'कोणी केले?' याआधी 'कोणत्या टप्प्यावर लक्षात आले?' हे विचारावे. वेळीच चूक सांगणाऱ्याचे चारचौघांत कौतुक करावे. कानउघाडणी करणे भाग पडल्यास ती एकांतात करावी. हेतुपुरस्सर केलेली लबाडी अर्थातच वेगळी. तिला क्षमा नाही.

पुढील तिमाहीत प्रत्येक वैद्यबंधुभगिनीने आणि फार्मसीचालकाने आपल्याकडील एक कर्मचारी व एक कर्म निवडून वरील चार पायऱ्या अवलंबून पाहाव्यात, असे आम्ही सुचवितो. उपस्थात्याचे चारही गुण कोणी जन्मतः घेऊन येत नाही. ते रुजवावे लागतात, आणि रुजविणे हे प्रधान पादाचेच कर्तव्य आहे.