मुंबई बंदरांतील नौकाविहाराचा पूर्वेतिहास

१. इ. स. १६६० त डच लोकांनीं इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यास ‘मेरी’ नांवाची एक विहारनौका नजर केली. ‘यॉट’ हा शब्दच मुळीं डच. पाठलागाच्या चपळ नौकेस तो लावीत. पुढील सालीं राजानें ‘कॅथरिन’ नांवाची दुसरी नौका बांधविली आणि टेम्स नदींत आपल्या भावाच्या नौकेशीं शंभर पौंडांची पैज लावून शर्यत केली. जिचें नांव या नौकेस दिलें ती कॅथरिन म्हणजे पोर्तुगालची राजकन्या. आणि त्याच १६६१ सालच्या विवाहाच्या तहानें मुंबई बेट इंग्रजांस आंदण मिळालें. १६६५ त त्यांनीं बेटाचा ताबा घेतला. म्हणजे हौस प्रत्यक्ष राजाची व बंदर पश्चिम किनाऱ्यावरील उत्तमांपैकीं एक. असें असतां मुंबईंत विहारनौकांचें मंडळ निघालें तें १८४६ सालीं. मध्यंतरीं एकशें ऐंशी वर्षें कां लोटलीं, हा या लेखाचा प्रश्न आहे.

२. उणेपणा निसर्गाचा नव्हता. मुंबईचें बंदर बेटाच्या पूर्वेस आहे. पश्चिमेकडील खुल्या समुद्राचा मारा बेट आपल्या अंगावर घेतें. समोर घारापुरी, पलीकडे करंजा, अशीं जवळचीं उतारठिकाणें. पावसाळा सरल्यावर वैशाखापर्यंत बहुधा पहांटे जमिनीवरून मतलई वारा वाहतो आणि दुपारीं खारा वारा उलट दिशेनें येतो. सकाळीं एका वाऱ्यानें निघावें व सायंकाळीं दुसऱ्यानें परतावें, ही सोय कोंकणच्या तांडेलास पिढ्यानुपिढ्या ठाऊक होती. उधाणाच्या भरतीओहोटीचा जोर मात्र मोठा. तो ओळखणाऱ्या माणसावांचून या पाण्यांत हौस चालत नाहीं.

३. उणेपणा होता तो निर्भयतेचा. १६७९ त शिवछत्रपतींनीं खांदेरी बांधावयास घेतली. पुढील वर्षीं सिद्दीनें शेजारची उंदेरी धरली. मुंबईहून दक्षिणेस जाणारी वाट या दोन बेटांच्या दृष्टीखालून जाई. कान्होजी आंग्रे यांच्या अमलांत तर त्यांच्या दस्तकावांचून फिरणाऱ्या गलबतास समुद्र मोकळा नव्हता. इंग्रज लेखक यास चांचेगिरी म्हणतात. आपल्या दप्तरांत तो समुद्रावरील राजाधिकार आहे. नांव कांहींहि द्या, परिणाम एकच : सशस्त्र सोबतीवांचून बंदराबाहेर जाणें शहाणपणाचें नव्हतें. १७५६ त विजयदुर्गास आंग्र्यांचें आरमार जळालें, १८१८ त पेशवाई बुडाली आणि १८४० त अलिबागचें कुलाबा संस्थान खालसा झालें. त्यानंतर सहाच वर्षांनीं मंडळ स्थापन होतें. हा केवळ योगायोग असें मला वाटत नाहीं. ज्या पाण्यावर सत्तेचा वाद उरला नाहीं तेंच पाणी खेळाला मोकळें झालें. इंग्लंडांतहि अशा मंडळांस बहर आला तो नेपोलियनशीं चाललेलीं युद्धें १८१५ त संपल्यावरच, हें येथें ताडून पाहावें.

४. तत्पूर्वीं विहार मुळींच नव्हता असें नाहीं. मारिया ग्रॅहम ही बाई १८०९ त, व बिशप हेबर १८२५ त, घारापुरीचीं लेणीं पाहण्यास जलमार्गेंच गेलीं. हेबर यानें ‘बंदर-बोटी’चें वर्णन केलें आहे. मध्यभागीं लहानशी खोली असलेली ही शिडाची होडी एरवीं नांगरलेल्या जहाजांकडे माणसें नेई व मिठासारख्या खात्यांचे अंमलदार तींतून किनाऱ्यानें फिरत. मुंबईची पहिली विहारनौका ही अशी मूळची कामकरी होडी होय.

नौका घडविणारे हातहि सिद्ध होते. १७३६ त सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया आले आणि त्यांच्या घराण्यानें मुंबईच्या गोदींत सागवानी जहाजांची परंपरा उभी केली. १८१७ त तेथें पाण्यांत लोटलेलें ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजहि जपून ठेविलें आहे. १८३० त मुंबईंतच बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट सुवेजेस गेली. टपाल व उतारू हळूहळू वाफेकडे वळले आणि शीड हौसेसाठीं राहूं लागलें.

५. १८७५ च्या नोव्हेंबरांत प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईस आला असतां त्यास घारापुरीच्या लेण्यांत मेजवानी दिली. पुढल्याच वर्षीं मंडळास राणीकडून ‘रॉयल’ ही पदवी मिळाली, आणि १८८० नंतर अपोलो बंदरावर त्याची इमारत उठली. ‘अपोलो’ या नांवांत ग्रीक देव शोधूं नये. १७४३ च्या एका जमिनीच्या कागदांत या पाखाडीचें नांव ‘पालो’ असें आहे. ‘पाल’ म्हणजे लढाऊ गलबत, त्यावरून पालव, व त्याचें अपोलो, अशी एक व्युत्पत्ति न्यायमूर्ति वेस्ट्रॉप यांनीं सुचविली. ती खरी धरल्यास लढाऊ गलबतांच्या धक्क्यावरच विहारनौकांचें घर झालें. मात्र या घरांत हिंदी गृहस्थास सभासद म्हणून प्रवेश नव्हता.

६. १९४७ नंतर हें चित्र पालटलें. १९४९ त त्या जुन्या इमारतींत टाटा मूलभूत संशोधन संस्था आली व मंडळ समोरच्या निवासी वास्तूंत गेलें. १९८२ च्या आशियाई खेळांतील शिडांच्या शर्यती मुंबईसच झाल्या आणि फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनीं सुवर्णपदक मिळविलें. २००९ त दिलीप दोंदे हे नौदलाचे अधिकारी गोव्यांत बांधलेली ‘म्हादेई’ घेऊन मुंबईहून एकटे निघाले आणि २०१० त पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. अशी प्रदक्षिणा एकट्यानें करणारे ते पहिले भारतीय.

७. तात्पर्य, मुंबईचा नौकाविहार विलायतेहून तयार आला नाहीं. नियम व पदव्या परक्या होत्या. वारा, लांकूड, सुतार व तांडेल येथलेच. परंतु सभासदांचीं नांवें छापलीं गेलीं आणि तांडेलांचीं नाहींत. तीं सांपडलींच तर भाड्याच्या चोपड्यांत, दस्तकांत, गोदीच्या हजेरीपटांत व कोळी, भंडारी, खारवी आणि कोंकणी मुसलमान कुटुंबांच्या पेट्यांत सांपडतील. असे कागद राजकारणाचे नव्हेत म्हणून रद्दींत जातात. ज्यांच्या संग्रहीं असा एखादा तुकडा असेल त्यांनीं तो किरकोळ न मानतां प्रसिद्ध करावा. त्याशिवाय हा इतिहास अर्धाच राहील.