इशाऱ्याची खतावणी

येणे वसूल झाल्याविना आम्ही व्यापारी खाते मिटवीत नाही. संगणकांवर अहोरात्र पहारा ठेवणाऱ्या सुरक्षा-केंद्राची रीतही अशीच असते. प्रत्येक संशयास्पद घटनेचे स्वतंत्र प्रकरण उघडून त्यात वेळ, बाधित यंत्र, गांभीर्य, जबाबदार व्यक्ती व केलेले उपाय नोंदवितात. निरसन झाल्यावरच ते मिटवितात.

२०१३ साली अमेरिकेतील टार्गेट या दुकानसाखळीच्या बंगळूर येथील पहारेकऱ्यांनी धोक्याचा इशारा मिनियापोलिसच्या केंद्रास कळविला. तेथे वेळीच कृती झाली नाही. सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती चोरीस गेली.

भारतात २०२२ च्या निर्देशांनुसार ठराविक सायबर घटना ध्यानी आल्यापासून ६ तासांत सर्ट-इन या सरकारी संस्थेस कळवाव्या लागतात. तेव्हा पेढीवर संगणक असेल, तर इशाऱ्यांची वही एका जबाबदार माणसाकडे सोपवावी, अशी सभासद बंधूंस आमची विनंती आहे.