ओठावरचा फोड उष्णतेचा नसतो

ओठाच्या कडेला बारीक फोडांचा झुबका उठला, की घरात निदान ठरलेलं असतं: "उष्णता झालीय. दुधात सब्जा घालून पी, गुलकंद खा." सब्जाला माझी काहीच हरकत नाही. हरकत आहे ती त्यापुढच्या वाक्याला. एका बारशात मावशींच्या ओठावर ताजा, पाणी धरलेला फोड होता आणि त्या पाळण्यातल्या बाळाचे पापे घेत होत्या. कोणीतरी दबकत हटकलं, तर त्या म्हणाल्या, "अगं, उष्णतेचं आहे हे, लागतंय थोडंच!" शिकल्यासवरलेल्या, वर्तमानपत्र रोज वाचणाऱ्या माणसांच्या तोंडूनही हेच ऐकत आले आहे, आणि दर वेळी चीड येते.

लागतं. हा फोड हर्पिस सिम्प्लेक्स नावाच्या विषाणूचा, बहुतेक वेळा त्याच्या पहिल्या प्रकाराचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या पन्नाशीच्या आतल्या सुमारे ३८० कोटी माणसांना, म्हणजे ६४ टक्के लोकांना, या प्रकाराची लागण झालेली आहे. बहुतेकांना तो लहानपणी, घरातल्याच कोणाच्या तरी पाप्यातून मिळतो. पुष्कळांना कधी कळतही नाही. काही मुलांना मात्र पहिल्याच लागणीत सणकून ताप येतो, हिरड्या सुजतात, तोंडभर फोड येतात आणि आठवडाभर घास गिळवत नाही. त्यालाही घरात "तोंड आलंय, उष्णता" असंच म्हणतात.

हा समज इतका चिवट का, तेही समजून घ्यायला हवं, कारण लोकांचं निरीक्षण खोटं नाही. तापानंतर फोड येतो, मे महिन्यात उन्हातून फिरून आल्यावर येतो, परीक्षेच्या किंवा जागरणाच्या दिवसांत येतो, काहींना पाळीच्या सुमारास येतो. हे सगळं खरं आहे. चूक कारण जोडण्यात होते. पहिल्या लागणीनंतर विषाणू शरीरातून जात नाही. चेहऱ्याच्या मज्जातंतूवरून वर सरकून तो कवटीच्या तळाशी असलेल्या मज्जापेशींच्या गाठीत जन्मभर पडून राहतो. ताप, ताण, ओठाला झालेली इजा किंवा कडक ऊन असं काही निमित्त झालं, की तो त्याच वाटेने खाली ओठावर येतो. म्हणून फोड वारंवार त्याच जागी उठतो. उन्हातली गरमी त्याला जागवत नाही, जागवतात ते अतिनील किरण. बर्फाळ डोंगरांवर स्कीइंग करणाऱ्यांनाही हे फोड येतात. तिथे कसली आलीय उष्णता?

फोड येण्याआधी त्या जागी चुरचुर, खाज किंवा ठणका जाणवतो. नेहमी त्रास होणाऱ्यांना ही खूण चांगली ओळखता येते. मग पाण्याचे फोड येतात, ते फुटतात, झरतात, खपली धरते आणि साधारण सात ते दहा दिवसांत कातडी पूर्ववत होते. चुरचुर सुरू झाल्यापासून कातडी पूर्ण भरेपर्यंत लागण होऊ शकते. सर्वांत जास्त धोका फोड झरत असताना, कारण त्या पाण्यात विषाणू खच्चून भरलेले असतात. फोड नसतानाही अधूनमधून लाळेतून विषाणू बाहेर पडतो, पण त्यातला धोका पुष्कळ कमी.

कातडीला कातडी घासण्याने तो किती पसरतो, याचं एक नोंदलेलं उदाहरण कुस्तीचं आहे. १९८९ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात शाळकरी कुस्तीगिरांचं चार आठवड्यांचं शिबिर भरलं होतं. १७५ पैकी ६० मुलांना याच विषाणूची लागण झाली. फोड मुख्यतः डोक्यावर आणि चेहऱ्यावर, कुस्तीत घासल्या जाणाऱ्या भागांवर होते. आपल्याकडच्या तालमींतल्या वस्तादांनीही हे ध्यानात ठेवावं: ओठावर किंवा चेहऱ्यावर असे फोड असलेल्या पठ्ठ्याला ते भरेपर्यंत जोड लावू नये.

बाकीचे समज थोडक्यात. कोळी किंवा पाल मुतल्याने हे फोड येत नाहीत. नागीण वेगळी, ती कांजिण्यांच्या विषाणूची. गालाच्या आत अधूनमधून येणारे साधे छाले हेही वेगळे, ते कोणाला लागत नाहीत. ओठावर फोड दिसला म्हणून कोणाच्या वागणुकीवर शंका घेणं मूर्खपणाचं आणि क्रूर आहे; मात्र फोड असताना मुखमैथुन टाळायलाच हवं, कारण त्यातून हाच विषाणू जननेंद्रियांवर जातो. टॉयलेट सीटवरून हा लागत नाही, पण लिपबाम, वस्तरा आणि नुकताच ओठाला लावलेला पेला दुसऱ्याला देऊ नये. टूथपेस्ट आणि चुना लावून कातडी पोळते, विषाणूला काही होत नाही. अँटिबायोटिकचाही त्याच्यावर उपयोग नाही. असायक्लोव्हिरसारखं औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने चुरचुर होताच सुरू केलं तर फोड थोडा लवकर बरा होतो, पण विषाणूचं उच्चाटन होत नाही. घरात पडलेलं स्टेरॉइडचं मलम मनाने लावू नये. फोडाला लागलेला हात डोळ्याला लावू नये. बुबुळावर जखम होऊन दृष्टीला धोका पोचतो.

आता पुन्हा त्या पाळण्याकडे. मोठ्या माणसाला हा फोड म्हणजे आठवड्याचा त्रास. पण पहिल्या चार ते सहा आठवड्यांच्या बाळाची प्रतिकारशक्ती कच्ची असते. आईच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं नसतील तर बाळाला तेवढंही कवच मिळत नाही. मग विषाणू यकृतात आणि मेंदूत पोचून जीव घेऊ शकतो. अशी बाळं संख्येने थोडी, पण त्यांचं आजारपण फार झपाट्याने वाढतं. म्हणून ओठावर फोड असलेल्या आजीने, काकाने, शेजारणीने, कोणीही बाळाचा पापा घेऊ नये, आणि नाही म्हणणाऱ्या सुनेला कोणी आगाऊ ठरवू नये. आईलाच फोड आला असेल तर तिने तोंडाला मास्क लावून, हात साबणाने धुऊन अंगावर खुशाल पाजावं. स्तनावर फोड असेल तर त्या बाजूने पाजू नये.

महिन्याभराचं बाळ दूध ओढेनासं झालं, मलूल पडलं, अंग तापलं किंवा गार पडलं, झटके आले किंवा कातडीवर पाण्याचे फोड दिसले, तर त्याच घटकेला रुग्णालय गाठा. फोड असलेल्या कोणी त्याचा पापा घेतला असेल तर ते डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता आधीच सांगा. औषध उपलब्ध आहे, आणि ते जितकं लवकर सुरू होईल तितकी बाळाची आशा जास्त.