१२८ चा फरक

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका शेडमध्ये तो लेथ आहे. जुना सीएनसी, फॅनुकचा कंट्रोलर, मापं अजून चोख. थकला होता तो शेजारचा डॉसवर चालणारा संगणक. लेथला लागणारे प्रोग्रॅम त्याच्याकडूनच केबलमधून जात. मालकांना हे काम लिनक्सवर हवं होतं आणि मूळ सॉफ्टवेअरची पुस्तिका सापडत नव्हती. तेव्हा लेथ काय बोलतो, ते ऐकायला बसलो.

सीमाभागात वाढलेल्याला अशी ऐकून शिकण्याची सवय असते. खडेबाजारात आईचं बोट धरून फिरताना कानडी आम्ही तशीच शिकलो. दुकानदार काय म्हणाला आणि त्यावर समोर काय आलं, याची जोडी मनात लागत जायची. १९९२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल या संशोधक विद्यार्थ्यानं नेटवर्कवरची देवाणघेवाण अशीच टिपून युनिक्ससाठी सर्व्हर लिहिला. पुढे त्याचंच सांबा झालं.

पहिली अडचण केबलची. २५ पिनांच्या जोडणीत संगणक दुसऱ्या पिनवरून बोलतो आणि तिसरीवर ऐकतो. ९ पिनांच्या जोडणीत याच्या उलट. तारा त्याप्रमाणे सोल्डर केल्या आणि ऑपरेटरनं ‘पंच’ दाबलं. हे नाव कागदी फितीच्या काळातलं आहे. फिती गेल्या, तरी प्रोग्रॅम बाहेर धाडण्याला कंट्रोलर अजून पंचच म्हणतो.

पडद्यावर अर्धा मजकूर नीट उमटला. जी, वाय, झेड स्वच्छ, पण एक्स बिघडलेला. आकड्यांत ०, ३, ५, ६, ९ बरोबर. १, २, ४, ७, ८ च्या जागी भलतीच चिन्हं. वेग चुकला असता तर सगळंच विस्कटलं असतं. एक्सचा संकेत ८८, आला होता २१६. १ या आकड्याचा ४९, आला होता १७७. दोन्हीकडे फरक १२८ चा, तो आठव्या बिटाचा. अक्षराच्या सात बिटांत १ ची संख्या विषम असेल तिथंच कंट्रोलर आठवा बिट लावून ती सम करत होता. हीच सम पॅरिटी. त्या क्षणाचा आनंद मला अजून आठवतो.

उलट दिशेचं काम अधिक किचकट. लेथ वाचायला तयार झाला की १७ हा संकेत धाडतो. त्याआधी पाठवलेलं वाया जातं. पोट भरत आलं की तो १९ धाडतो. त्यानंतरही दहापेक्षा जास्त अक्षरं आली, तर ०८७ क्रमांकाचा अलार्म. जुना संगणक चटकन थांबायचा. यूएसबी कन्व्हर्टरच्या पोटात मात्र आधीच घेतलेली अक्षरं असतात आणि १९ आल्यावरही ती बाहेर पडत राहतात. शेवटी थोडी थोडी अक्षरं सोडायची, ती तारेवरून गेल्याची खात्री करायची, मगच पुढची द्यायची, असं केलं. वेळ वाढला, पण अलार्म थांबला.

अशा खटपटीला कायद्याची आडकाठी असेल, अशी मालकांना धास्ती होती. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये १९९९ च्या दुरुस्तीनं सवलत आली आहे. प्रोग्रॅम कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला, स्वतंत्रपणे लिहिलेला दुसरा प्रोग्रॅम त्याच्याशी जुळवण्यासाठी आवश्यक माहिती शोधता येते. ती इतरत्र सहज मिळत नसावी, ही अट. लहान कारखानदारांपर्यंत हे कुणीतरी पोचवायला हवं.

आता त्या कंट्रोलरच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहिलं आहे: वेग ४८००, बिट ७, पॅरिटी सम, स्टॉप २. त्याखाली ऑपरेटरच्या अक्षरात: १७ सुरू, १९ थांब.