आजोबांचे पेन आणि बेचाळीस साल

महात्मा फुले मंडईची दगडी इमारत आपले वय लपवीत नाही. १८८६ साली ती उभी राहिली, तेव्हा तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव होते. पुढे नाव बदलले, पण जन्मसाल सर्वांना ठाऊक आहे. भोवतालच्या पेठांतील कपाटांत पडून असलेल्या फौंटनपेनांचे तसे नाही. त्यांच्या वयाबद्दल घरोघरी ऐकीव कथाच फार!

शुक्रवार पेठेतील एका घरी मला असेच एक पेन दाखविण्यात आले. काळी नळी, सोनेरी टोपण, इटालियन 'ऑरोरा'. "आजोबांनी बेचाळीसच्या चळवळीत पत्रके लिहिली, ती ह्याच पेनाने," असे घरची मंडळी सांगत.

मी टोपण काढले. निब जवळजवळ झाकलेली, टोक तेवढे बाहेर. मागची घुंडी फिरवून दट्ट्याने शाई ओढायची सोय. नळीवर 'ऑरोरा ८८' आणि एक क्रमांक. तुरीनची ही कंपनी १९१९ची. पण मार्चेल्लो निझ्झोली यांनी आखलेले '८८' बाजारात आले ते १९४७ साली. शिवाय बेचाळीसमध्ये इटली हे ब्रिटिशांचे शत्रुराष्ट्र! तिथला नवा माल पुण्यात यायचा कुठून?

दुसरे टोक डबीतल्या पावतीने दिले. किंमत रुपये-आण्यांत होती. नवे पैसे आले १ एप्रिल १९५७ला. म्हणजे खरेदी १९४७ नंतरची आणि फार तर सत्तावनच्या आगेमागेची. पत्त्यात नुसते 'पूना २' होते. सहा आकडी पिनकोड १९७२चा.

जुन्या पेनाचे साल असेच दोन्ही बाजूंनी आवळत आणायचे असते. एकट्या निबेवर भिस्त ठेवू नये. ती सहज बदलली जाते. नळी, टोपण, दट्ट्या, डबी यांची साक्ष एकमेकांशी जुळते का, हे पाहावे.

घरच्यांचे चेहरे उतरले. मग मी नळी तिरप्या उजेडात धरली. झिजलेल्या अक्षरांत आजोबांचे नाव कोरलेले होते. चळवळीची कथा खोटी ठरली नव्हती. फक्त ती पत्रके दुसऱ्या कुठल्या पेनाने लिहिली गेली होती.

पेन चकचकीत करून विकावे, असा सल्ला त्यांना कोणी दिला होता. पॉलिशने आधी जातात ती अशीच अक्षरे. तुमच्याही घरी असे पेन असेल, तर ते मऊ फडक्याने पुसा, पण घासू नका. आणि डबीतली पावती जपून ठेवा.