पाटी बदलली, यादी बदलेना

ऑगस्ट २००६. खारघरमध्ये एक नवे रेस्तराँ उघडले आणि त्याचे नाव ठेवले 'हिटलर्स क्रॉस'. आत हुकूमशहाचे पोस्टर, जोडीला नाझी स्वस्तिक. मालकाचे म्हणणे एवढेच, की चारचौघांपेक्षा वेगळे नाव दिसले की गिऱ्हाईक थबकते. खारघर येते पनवेल तालुक्यात, म्हणजे जुन्या कुलाबा जिल्ह्यात. बेने इस्रायल या मराठी ज्यू समाजाचे पूर्वज जहाज फुटून किनाऱ्याला लागले ते याच जिल्ह्यात, अलिबागजवळच्या नवगावला, असे त्यांची परंपरा सांगते. साठ लाख ज्यूंच्या संहाराला जबाबदार असलेल्या माणसाची पाटी लागली ती नेमकी मराठी ज्यूंच्या माहेरी.

भोर तालुक्यातल्या भोंगवलीच्या वाचकाला हा समाज परका वाटायचे कारण नाही. भोर संस्थानाचा सुधागड तालुका घाटाखाली कुलाब्याच्या शेजारीच होता. तिकडच्या गावांत तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे हे लोक 'शनिवार तेली' म्हणून ओळखले जात. दिवेकर, केहिमकर, पेणकर ही त्यांची आडनावे भोंगवलीकर म्हणावे त्याच चालीची. 'बूट पॉलिश'मधला जॉन चाचा रंगवणारा डेव्हिड हा मुळात डेव्हिड अब्राहम चेऊलकर. पुण्याच्या कॅम्पातले 'लाल देऊळ' हेही ज्यूंचेच प्रार्थनास्थळ. डेव्हिड ससूनने उभारायला घेतलेले, १८६७ साली पुरे झालेले.

खारघरच्या पाटीविरुद्ध उभी राहिली ती मुंबईची 'इंडियन ज्युइश फेडरेशन' ही संस्था. तिचे तेव्हाचे अध्यक्ष जोनाथन सॉलोमन पेशाने सॉलिसिटर. पण कायद्याच्या पुस्तकात हाताशी होते तरी काय? भारतीय दंड संहितेचे १५३-अ कलम, समाजासमाजांत वैर पसरवण्याबद्दलचे. तिथे हेतू लागतो. १९९५ च्या बलवंत सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केले होते. गल्ला भरावा हा हेतू काही वैर पसरवण्याचा नव्हे. आज ते कलम भारतीय न्याय संहितेत १९६ क्रमांकाने आहे, आणि अडचण तीच आहे. मग निषेध, गाठीभेटी, वर्तमानपत्रे, इस्रायली वकिलातीचा आवाज, असे सगळे मिळून दडपण आले. मालक नमला आणि 'क्रॉस कॅफे' अशी नवी पाटी लागली.

पुढच्याच वर्षी मुंबईत पलंगपोसांचे 'नाझी कलेक्शन' बाजारात आले, माहितीपत्रकावर स्वस्तिकासह. विक्रेत्याचा खुलासा असा, की ही 'न्यू अरायव्हल झोन ऑफ इंडिया'ची आद्याक्षरे आहेत. हसावे की कपाळाला हात लावावा! पुन्हा समाजाने आवाज उठवला, पुन्हा नाव मागे घेतले गेले.

अमेरिकेत १९१३ पासून काम करणारी 'अँटी-डिफेमेशन लीग' ज्यूद्वेषाविरुद्ध खटले लढवते, कायदे करून घेते, घटनांची वर्षवार मोजदाद ठेवते. आपल्याकडे तशी यंत्रणा नाही, आणि खरे सांगायचे तर तिची गरजही फारशी पडली नाही. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईतल्या नरिमन हाऊस या ज्यू केंद्रावर हल्ला करणारे बाहेरून आले होते. इथला दोष अज्ञानाचा. अनेकांना हिटलर ठाऊक असतो तो महायुद्धापुरता.

मराठी ज्यूंना हक्कांसाठी खरी कडवी झुंज द्यावी लागली ती जेरुसलेममध्ये, आपल्याच धर्मबांधवांशी. १९४८ नंतर हजारो बेने इस्रायल तिकडे गेले. १९६२ साली तिथल्या मुख्य धर्मपीठाने विवाह नोंदवणाऱ्या रब्बींना फर्मान काढले: बेने इस्रायल वधू किंवा वर समोर आला तर त्याची आई ज्यू होती का, आजी होती का, मागे जाता येईल तितक्या पिढ्यांची चौकशी करा, घराण्यात कुणी घटस्फोटानंतर पुन्हा लग्न केले होते का, तेही पाहा. शतकानुशतके शनिवार पाळणाऱ्यांना लग्नाच्या तोंडावर पणजीचा दाखला मागितला गेला. इस्रायलमध्ये ज्यूंचे लग्न धर्मपीठाच्या हाती, देशात नागरी विवाहाची सोयच नाही. त्यामुळे हा अपमान चुकवायला देशात पळवाटही नव्हती. १९६४ च्या उन्हाळ्यात बेने इस्रायल कुटुंबे जेरुसलेमच्या रस्त्यावर ठाण मांडून बसली. ऑगस्टमध्ये संसदेचे खास अधिवेशन भरले, पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांचे सरकार त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि महिनाअखेर धर्मपीठाने फर्मानातून 'बेने इस्रायल' हे नाव काढले. शंका असेल त्या कुणाचीही चौकशी करावी, एवढा मोघम मजकूर मात्र राहिला. पुरता विजय नव्हे, पण कोकणातून गेलेल्या माणसांनी धर्मपीठाला कलम बदलायला लावले, हे लहान काम नाही.

इथल्या लढ्याचे पुढचे पाऊल कागदी होते, पण मोलाचे. जून २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. बेने इस्रायलांनी १८७५ मध्ये सुरू केलेल्या, आज सर एली कदूरी नावाने चालणाऱ्या माझगावच्या शाळेसारख्या संस्थांना असा दर्जा कामाचा. केंद्राची गोष्ट वेगळी. १९९२ च्या राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोग कायद्यात 'अल्पसंख्याक' म्हणजे केंद्राने अधिसूचित केलेला समाज. १९९३ मध्ये मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध आणि पारशी असे पाच समाज अधिसूचित झाले, २०१४ मध्ये जैनांची भर पडली. पाच हजारांच्या आसपास उरलेले ज्यू त्या यादीत नाहीत.