जमाखर्चातील तूट आणि अदृश्य कण

बुलडाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर ज्या आघाताने निर्माण झाले, तो करणारा अशनी आज तेथे कोणाला दाखविता येत नाही; तथापि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या त्या विवरात विंधन करून काढलेल्या बेसाल्टमध्ये, प्रचंड दाबाखाली फेल्डस्पारची स्फटिकरचना मोडून झालेले मॅस्केलिनाइट नावाचे काचद्रव्य आढळले, आणि अशा साक्षींवरून आघाताचा निर्णय झाला. मागे राहिलेल्या खुणांवरून नाहीशा झालेल्याचा छडा लावण्याची हीच रीत जिनीव्हाजवळ, भूपृष्ठाखाली सुमारे शंभर मीटर खोल, २७ किलोमीटर परिघाच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये सूक्ष्म कणांच्या बाबतीत अवलंबिली जाते.

द्रव्य घडविणारे इलेक्ट्रॉन, क्वार्क इत्यादी कण फर्मिऑन, आणि बलांचे वाहक असलेले प्रकाशकणासारखे कण बोसॉन. १९७० नंतर आकारास आलेल्या अतिसममितीच्या, म्हणजे सुपरसिमेट्रीच्या, सिद्धांतानुसार प्रत्येक ज्ञात कणास दुसऱ्या वर्गातील एक जोडीदार असला पाहिजे. २०१२ साली सापडलेल्या हिग्ज कणाचे वस्तुमान प्रोटॉनच्या सुमारे १३३ पटींवरच का थांबले, हे कोडे त्यायोगे सुटू शकते. शिवाय या कुळातील सर्वांत हलका कण स्थिर असल्यास विश्वातील कृष्णद्रव्याचाही उलगडा होण्याचा संभव आहे.

असा कण शोधकयंत्रातून काहीही खूण न ठेवता निघून जाणार. मग तो ओळखावयाचा कसा? प्रोटॉनांचे पुंजके सेकंदाला सुमारे चार कोटी वेळा समोरासमोर येतात. टकरीपूर्वी त्यांच्या मार्गाशी काटकोनात असणारा संवेग जवळजवळ शून्य असतो, म्हणून टकरीनंतर बाहेर पडलेल्या सर्व कणांच्या आडव्या संवेगाची दिशेसह बेरीजही शून्य यावयास हवी. जमाखर्चात तूट आली, तर कोणीतरी नोंदीविना निसटले असे समजावे. परंतु न्यूट्रिनो हे ज्ञात कणही तसेच निसटतात, आणि एखाद्या कणाची ऊर्जा यंत्राबाहेर झिरपली तरी खोटी तूट दिसते. ही दुसरी आपत्ती टाळण्यासाठी कोलायडरवरील सीएमएस या प्रयोगाच्या चुंबकी वेटोळ्याबाहेर जो बाह्य ऊर्जामापक बसविला आहे, त्याच्या उभारणीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने प्रमुख भाग घेतला. कण आदळताच क्षीण प्रकाश देणारे प्लॅस्टिकचे तुकडे आणि तो प्रकाश वाहून नेणारे तंतू, अशी त्याची घडण आहे. अदृश्याच्या शोधात इतके साधे दिसणारे काम इतके निर्णायक ठरावे, याचे मला फार मोल वाटते.

या शोधाच्या सैद्धांतिक बाजूस पुण्याच्या रोहिणी गोडबोले यांचे नाव आदराने घ्यावे लागेल. मॅन्युएल ड्रेस आणि प्रबीर रॉय यांच्यासह त्यांनी लिहिलेला, या कणांच्या शोधाची शास्त्रीय बैठक सविस्तर मांडणारा ग्रंथ २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले; तोवर एकाही जोडीदाराचा पुरावा मिळालेला नव्हता. ग्लुऑन या बलवाहक कणाच्या जोडीदाराचा, ग्लुइनोचा, शोध सोप्या गृहीतांखाली प्रोटॉनच्या दोन हजार पटींहून अधिक वस्तुमानापर्यंत घेऊन झाला आहे. याला अपयश म्हणणे अन्यायाचे होईल, कारण कोणता मुलूख रिकामा आहे हे आता पुराव्यानिशी ठाऊक झाले आहे.

सीएमएसने २०१४ पासून आपल्या नोंदींचा मोठा भाग सर्वांस विनामूल्य खुला केला आहे. लोणारच्याच जिल्ह्यातील खामगाव, चिखली, मलकापूर येथील महाविद्यालयांतील विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी तो अवश्य उघडून पाहावा.